रात्रीच्या ओलितासाठी आणि रोजच्या वापरासाठी खिशात मावणारी टॉर्च कोणती घ्यावी?

वावरधनी :

यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसच्या बाजूला माझे वावर आहे आणि गावापासून ते पांदण रस्त्याने बरेच आत पडते. हरभरा आणि गव्हाच्या हंगामात आमच्या कृषी वाहिनीवर थ्री-फेज वीज पाळीने मिळते, म्हणजे काही दिवस ती दिवसा असते आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की मोटार सुरू करणे, स्प्रिंकलरचे पाइप एका तासातून (सरीतून) दुसऱ्या तासात हलवणे, नोझलमध्ये अडकलेला कचरा काढणे ही सगळी कामे अंधारातच करावी लागतात. घरी चार्जिंगची एक मोठी बॅटरी आहे आणि तिचा झोत चांगला लांब जातो. परंतु ती हातात धरली की पाइपासाठी एकच हात उरतो, आणि वजनामुळे ती बहुतेक वेळा घरीच राहते. मोबाइलचा दिवा पायापुरता ठीक आहे, पण ओल्या आणि चिखलाच्या हातांनी महागडा फोन बाहेर काढण्याची इच्छा होत नाही.

म्हणून सदऱ्याच्या किंवा पँटच्या खिशात कायम राहील, घराबाहेर पडताना आठवणीने उचलावी लागणार नाही, अशी एक लहान टॉर्च घ्यायची आहे. शोधाशोध केल्यावर तीन प्रकार समोर आले. पहिला प्रकार रिमोटच्या सेलवर, म्हणजे एएए सेलवर चालणारा. त्यात ओलाइटची आय३टी ही टॉर्च अनेकांनी सुचवली असून तिचा कमाल उजेड १८० ल्युमेन सांगितला आहे. दुसरा प्रकार घड्याळाच्या सेलवर, म्हणजे एए सेलवर चालणारा. त्यात फेनिक्सची ई१२ दिसली, जिच्या दुसऱ्या आवृत्तीचा उजेड १६० ल्युमेन आहे. तिसरा प्रकार १८६५० या लिथियम सेलचा. त्यात वुर्कोसच्या एफसी११ सारख्या टॉर्च १३०० ल्युमेनचा दावा करतात आणि त्यांना मोबाइलचाच सी-टाइप चार्जर चालतो. आकडे पाहिले तर तिसऱ्या प्रकारासमोर पहिले दोन उभेच राहू शकत नाहीत, तरीही जाणकार मंडळी पहिल्या दोन प्रकारांची शिफारस करतात, याचे कारण मला समजलेले नाही.

सर्किटवाला :

वावरधनी भाऊ, माझे अमरावतीकडे दुरुस्तीचे दुकान आहे आणि टॉर्च हा माझ्या आवडीचा विषय आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

सर्वप्रथम ल्युमेन आणि कँडेला यांतील फरक पाहू. टॉर्चमधून सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो ते ल्युमेन सांगते, तर झोताच्या मध्यभागी तो किती एकवटलेला आहे ते कँडेला सांगते. ओलिताच्या पाइपाचे पाणी तेवढेच असते, पण तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. ल्युमेन म्हणजे ते पाणी आणि कँडेला म्हणजे ती धार. त्यामुळे ५०० ल्युमेनची एखादी टॉर्च १५०० ल्युमेनच्या टॉर्चपेक्षा लांबचे दाखवू शकते, जर तिचा परावर्तक, म्हणजे दिव्याभोवतीची चकचकीत वाटी, मोठा आणि खोल असेल तर.

पेटीवर मीटरमध्ये जे अंतर छापलेले असते ते एफएल१ या अमेरिकी मानकानुसार काढले जाते. ज्या अंतरावर वस्तूवर पडणारा झोताचा उजेड पाव लक्सपर्यंत उतरतो ते अंतर पेटीवर येते, आणि पाव लक्स म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. हिशेब सोपा आहे : कँडेलाचे वर्गमूळ काढा आणि त्याची दुप्पट करा. २५०० कँडेला असतील तर १०० मीटर आणि १०,००० कँडेला असतील तर २०० मीटर. अंतर दुप्पट हवे असेल तर कँडेला चौपट लागतात, हे यातूनच दिसते. पाव लक्समध्ये काहीतरी हलले एवढे कळते, पण ते रोही (नीलगाय) आहे की शेजाऱ्याचे जनावर आहे हे ओळखता येत नाही. छापील अंतराचे निम्मे करा. तेथे उजेड एक लक्स होतो आणि तेच कामाचे अंतर समजा.

दुसरी गोष्ट १३०० ल्युमेनच्या दाव्याची. हातात मावणाऱ्या धातूच्या एवढ्याशा नळीतून एवढी उष्णता बाहेर टाकणे शक्य नसते, म्हणून आतील सर्किट काही मिनिटांतच उजेड उतरवते. त्याच मानकात चालण्याचा कालावधी उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजला जातो. म्हणजेच पेटीवर १३०० ल्युमेन आणि चार तास असे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असले, तरी १३०० ल्युमेन चार तास मिळतील असा त्याचा अर्थ होत नाही. टॉर्च तासभर न दमता किती ल्युमेन देऊ शकते हे विचारा. १८६५०च्या लहान टॉर्चमध्ये ते उत्तर बहुधा ३०० ते ५०० च्या आसपास येते, आणि ओलितासाठी तेवढेही जास्तच आहे.

मोहफूल :

मी गडचिरोली जिल्ह्यातील आहे आणि या धाग्यावर सगळे जास्तीत जास्त उजेडाबद्दल बोलत आहेत म्हणून कमीत कमी उजेडाबद्दल लिहिते. खिशातल्या टॉर्चचा सर्वांत जास्त उपयोग घराच्या आसपास होतो : रात्री गोठ्यात जाणे, वीज गेल्यावर चुलीपाशी काही शोधणे, झोपलेल्या लेकरांना न उठवता अंथरुणाखाली पाहणे. या कामांना १ ते १० ल्युमेन पुरतात. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एकदा १००० ल्युमेन भिंतीवर मारले की तो सराव क्षणात जातो. मग टॉर्च बंद केल्यावर अंगणसुद्धा दिसत नाही. त्यामुळे टॉर्च घेताना ती सुरू करताच कोणत्या पातळीवर पेटते हे विचारा. काही टॉर्च प्रत्येक वेळी थेट मोठ्या उजेडावर पेटतात आणि लहान उजेडासाठी पुन्हा पुन्हा कळ दाबावी लागते, हा प्रकार मला अत्यंत गैरसोयीचा वाटतो. वावरधनी भाऊंनी सांगितलेल्या आय३टीमध्ये ५ आणि १८० अशा दोनच पातळ्या आहेत, आणि माझ्या मते त्या पुरेशा आहेत.

आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी बायका पहाटे जंगलाकडे निघतात. टॉर्च आहे म्हणून उजाडण्यापूर्वी आत जाण्याचे धाडस कोणी करू नये, एवढे मात्र येथे आवर्जून लिहिते. वाकून फुले वेचणारे माणूस वाघाला उभ्या माणसासारखे दिसत नाही, आणि टॉर्चच्या उजेडाने ती अडचण सुटत नाही. गावातून जंगलाच्या कडेपर्यंतच्या वाटेला टॉर्च हवी, त्यापुढे दिवसाची वाट पाहावी.

जागलीवाला :

मोहफूल ताईंचे म्हणणे घरापुरते मान्य आहे, परंतु मूळ प्रश्न वावराचा आहे आणि तेथे पाच-दहा ल्युमेनने काहीही होत नाही. आमच्या वाशीम भागात तूर कमरेच्या वर गेली की रानडुकरांचा कळप आत शिरला तरी पत्ता लागत नाही. माळ्यावरून (मचाणावरून) धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, नजर पोहोचली पाहिजे, आणि त्यासाठी किमान १०,००० कँडेला हवेत. खिशातली टॉर्च एवढ्या लांबचे दाखवू शकत नसेल तर ती खेळणे आहे असे मी स्पष्ट म्हणतो. हातात एकच वस्तू घेऊन जायची असेल तर ती मोठीच असावी.

सर्किटवाला :

जागलीवाला भाऊ, जागलीसाठी, म्हणजे रात्री पीक राखण्यासाठी, आपण म्हणता ते अगदी योग्य आहे, पण आपण वेगळे साधन मागत आहात. लांब झोतासाठी परावर्तकाचा व्यास मोठा लागतो, हा भौतिकशास्त्राचा नियम असल्यामुळे कोणत्याही कंपनीला तो टाळता येत नाही. बोटभर जाडीच्या टॉर्चमध्ये दोन-अडीच हजारांच्या पुढे कँडेला फारसे जात नाहीत. गेले तर झोत इतका अरुंद होतो की पायाखालचे दिसत नाही. वावरधनी भाऊंची मोठी बॅटरी माळ्यावर राहू द्यावी, कारण ती तेथेच उपयोगी आहे. पाइप हलवताना पाहायचे अंतर आठ-दहा मीटरचे असते आणि तेथे पसरट उजेड हवा.

मास्तर_भंडारा :

पसरट उजेडाच्या मुद्द्याला मी सापांच्या बाजूने जोड देतो, कारण आमच्या धानपट्ट्यात रात्री बांधावर चालताना खरी भीती त्यांचीच असते. मण्यार रात्री फिरणारा साप आहे. काळ्या अंगावर बारीक पांढरे पट्टे असल्यामुळे काळ्या ओल्या मातीत तो चटकन दिसत नाही. परड, जिला पुण्या-मुंबईकडे घोणस म्हणतात, तपकिरी असते आणि तिच्या अंगावरचे गडद ठिपके वाळलेल्या पालापाचोळ्यात मिसळून जातात. येथे टॉर्चच्या प्रकाशाचा रंग महत्त्वाचा ठरतो. स्वस्त टॉर्चचा उजेड निळसर पांढरा, म्हणजे ६५०० केल्व्हिन किंवा त्याहून वरचा असतो आणि त्यात तपकिरी, लालसर, पिवळट या छटा एकसारख्या राखाडी दिसतात. ४००० ते ५००० केल्व्हिनचा आणि रंग ओळखण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर असलेला एलईडी घेतला तर पाने आणि परड यांतील फरक डोळ्याला लवकर जाणवतो. असा एलईडी तेवढ्याच विजेवर थोडे कमी ल्युमेन देतो, त्यामुळे जाहिरातीत तो मागे पडतो. घेणाऱ्याने ल्युमेनचा तो तोटा खुशाल स्वीकारावा.

टॉर्च कोठे धरावी यावरही बरेच अवलंबून आहे. डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे कपाळावर लावलेल्या बॅटरीचा उजेड वस्तूवर समोरून पडतो आणि वस्तूची सावली तिच्याच मागे दडते. परिणामी खड्डा, दगड, साप सगळे सपाट दिसते. कमरेखाली हात ठेवून टॉर्च तिरकी धरली की प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते आणि आकार उठून दिसतो. पावसाळ्यात कपाळाच्या बॅटरीचा आणखी एक त्रास म्हणजे पाखरे आणि किडे थेट तोंडावर येतात. याचा अर्थ कपाळाची बॅटरी वाईट असा नव्हे. दोन्ही हातांनी एका जागी बसून काम करायचे असेल तर तिला पर्याय नाही. चालताना मात्र टॉर्च हातातच असावी, आणि दुसऱ्या हातात काठी.

हिवाळ्यातील धुक्याबद्दल एक समज सर्वत्र आढळतो की पिवळा उजेड धुक्यातून आरपार जातो. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते ती उजेड डोळ्यांजवळून निघाल्यामुळे. टॉर्च गुडघ्यापाशी नेली आणि उजेड कमी केला की ती भिंत बरीच विरते.

वावरधनी :

सर्वांचे आभार. लांब झोताचा आग्रह मी सोडून देतो. मोठी बॅटरी माळ्यावर राहील. आता प्रश्न सेलचा उरतो. आमच्या गावात किराणा दुकानात घड्याळाचे आणि रिमोटचे सेल मिळतात, १८६५० मिळत नाही आणि तो मागवला तर खरा आला की खोटा हे मला कळणार नाही. या दृष्टीने काय करावे?

सर्किटवाला :

आपण प्रश्नाच्या मुळाशी आलात. माझे मत असे की टॉर्च निवडण्यापूर्वी सेल निवडावा, कारण टॉर्च एकदा घेतली जाते आणि सेल मात्र आयुष्यभर भरावा लागतो.

किराणा दुकानातील घड्याळाचा सेल बहुधा झिंक-कार्बनचा असतो. भिंतीवरच्या घड्याळाला अत्यंत कमी प्रवाह लागतो आणि त्यासाठी तो उत्तम आहे. १५० ल्युमेनची टॉर्च मात्र एका सेलमधून एक ते दीड अँपिअरच्या घरात प्रवाह ओढते आणि झिंक-कार्बनच्या सेलला तो झेपत नाही; त्याचा विद्युतदाब कोसळतो आणि टॉर्च मंदावते. दुकानदाराने दिलेला सेल खराब होता असा गैरसमज येथूनच होतो. अल्कलाइन सेल त्यापेक्षा बरा, पण जोराच्या प्रवाहावर त्याचीही पुरी क्षमता हाती येत नाही, आणि तो रिकामा होऊन आतच राहिला तर गळतो. गळलेल्या सेलमुळे नळीला आतून मीठ चढलेल्या टॉर्च दुकानात नेहमी येतात आणि त्यांपैकी बऱ्याच वाचत नाहीत.

रोजच्या वापरासाठी एए आकारातला निकेल मेटल हायड्राइडचा, म्हणजे पुन्हा भरता येणारा सेल मला सर्वांत योग्य वाटतो. त्याचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो म्हणून लोक त्याला कमजोर समजतात, परंतु त्याचा अंतर्गत रोध कमी असल्यामुळे जोराचा प्रवाह तो शेवटपर्यंत देतो. पॅनासोनिकच्या एनेलूपसारखे सेल साधारण १९०० ते २००० एमएएच क्षमतेचे असतात, शेकडो वेळा भरता येतात आणि भरून ठेवले तर वर्षभरानंतरही त्यांतील बहुतेक वीज शिल्लक असते. साध्या, जुन्या पद्धतीच्या मेटल हायड्राइड सेलमध्ये ही सोय नसते. ते काही आठवड्यांतच बरेच उतरतात. पाकिटावर कमी स्वयं-उतार किंवा वापरासाठी भरलेलेच असा उल्लेख पाहून घ्यावा. आणि एखाद्या रात्री भरलेला सेल हाताशी नसला तर किराणा दुकानातला सेल घालून, मंद पातळीवर का होईना, टॉर्च चालते. १८६५०च्या टॉर्चला ही सोय नाही.

ऊर्जेचा हिशेबही पाहा. ३००० एमएएचचा १८६५० सेल सुमारे ११ वॉट-तास देतो, एए मेटल हायड्राइड सुमारे २.४ आणि एएए सुमारे एक. म्हणून रिमोटच्या सेलची टॉर्च कितीही देखणी असली तरी ओलिताच्या रात्रीसाठी मी ती सुचवणार नाही. किल्ल्यांच्या जुडग्याला ती शोभते. १८६५० ची ताकद साडेचार पट आहे हे नाकारता येत नाही, आणि ज्याला दर रात्री पाच-सहा तास सलग उजेड हवा त्याने तोच घ्यावा. पण ९९०० एमएएच असे छापलेला १८६५० सेल दिसला तर तो हातातही घेऊ नये. या आकाराचे चांगले सेल साधारण २५०० ते ३६०० एमएएचचे असतात. त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा छापणारा माणूस सुरक्षेच्या बाबतीतही खोटेच बोलत असणार. वजन केले तर खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो आणि बनावट सेल बऱ्याचदा त्याहून पुष्कळ हलका निघतो.

एक धोका सांगायचा राहिला. १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब एए सारखा असतो, पण पूर्ण भरल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो. सोफर्नच्या एसपी१० प्रो सारख्या काही टॉर्च दोन्ही सेल स्वीकारतात आणि लिथियमवर कितीतरी जास्त उजेड देतात. परंतु ज्या टॉर्चच्या माहितीपत्रकात १४५००चा स्पष्ट उल्लेख नाही, त्यात तो घातला तर सर्किट जळू शकते. घरात दोन्ही प्रकारचे सेल असतील तर लिथियमवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. घड्याळात किंवा मुलांच्या खेळण्यात तो गेला तर तेही जाईल.

पंपदुरुस्ती :

मी वर्धा जिल्ह्यात मोटार वाइंडिंगचे आणि स्टार्टर दुरुस्तीचे काम करतो. सर्किटवाला भाऊंचा सेलचा हिशेब योग्य असला तरी माझ्या कामात १८६५०च्या टॉर्चला तोड नाही, आणि त्याचे मुख्य कारण उजेड नसून तिच्या बुडातील चुंबक आहे. स्टार्टरच्या लोखंडी पेटीच्या झाकणाला किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटला टॉर्च चिकटवली की दोन्ही हात मोकळे होतात. वावरधनी भाऊंना पाइपांचे काम आहे, तेथे पाइप ॲल्युमिनिअमचे किंवा प्लॅस्टिकचे असल्याने चुंबक निरुपयोगी ठरेल. मात्र रात्री स्टार्टर ट्रिप झाला तर तो फार कामाला येतो. ज्यांच्या टॉर्चला चुंबक आहे त्यांनी तिचे बूड अधूनमधून पुसावे, कारण लोखंडाचा कीस तेथे जमतो, आणि चार्जिंगची टोके उघडी असणाऱ्या टॉर्चमध्ये तो कीस दोन टोके जोडू शकतो.

टॉर्च आहे म्हणून डीपीवर (रोहित्राच्या पेटीवर) जाऊन फ्यूज टाकण्याचे काम मात्र कोणी स्वतः करू नये. ते लाइनमनचे काम आहे, आणि रात्रीच्या वेळी त्यात चांगले चांगले अनुभवी लोक जिवानिशी गेले आहेत.

मोहफूल :

पंपदुरुस्ती भाऊ, एए च्या टॉर्चची पकड-क्लिप उलटसुलट दोन्ही बाजूंनी बसत असेल तर ती टोपीच्या कडेला अडकवता येते आणि बसून करायच्या कामाला कपाळाच्या बॅटरीसारखी वापरता येते. घेताना क्लिप दुहेरी आहे का ते पाहावे. चुंबकाची उणीव काही प्रमाणात तेथे भरून निघते.

रात्रपाळी :

मी अकोल्याचा आहे आणि उष्णतेबद्दल कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बहुतेक लिथियम सेल भरण्यासाठी कमाल तापमान ४५ अंश सांगितलेले असते. म्हणजे दुपारी पत्र्याच्या खोलीत टॉर्च चार्जिंगला लावणे हे सरळ त्या मर्यादेबाहेरचे काम आहे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये तापमान बाहेरच्यापेक्षाही पुष्कळ वर जाते. अशा ठिकाणी लिथियमची टॉर्च ठेवल्यास सेलचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि सेल बनावट असेल तर धोका त्याहून मोठा असतो. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करावे. मेटल हायड्राइड सेललाही उष्णता आवडत नाही, पण त्याच्या बाबतीत नुकसान सेलपुरते मर्यादित राहते. मोठ्या उजेडाची पातळीदेखील उन्हाळ्यात लवकर उतरते. टॉर्च खराब झाली असे समजून कोणी ती परत पाठवू नये.

मास्तर_भंडारा :

पाण्याबाबत थोडे. आयपीएक्स४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले पाणी सहन करणारी, आणि आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी. धानाच्या बांधीत टॉर्च पडली तर आयपीएक्स४ उपयोगाची नाही. मधल्या एक्सचा अर्थ धुळीची चाचणी नोंदवलेली नाही असा आहे. आटे स्वच्छ पुसून रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा. हाताशी आहे म्हणून गाडीचे ग्रीस लावू नये, काही प्रकारचे रबर त्याने फुगते.

जागलीवाला :

माझा लांब झोताचा आग्रह कायम आहे, पण खिशातल्या टॉर्चबद्दल एक सूचना करतो. जवळपास सगळ्या टॉर्च काळ्या रंगाच्या असतात आणि आमच्या काळ्या मातीत, विशेषतः चिखलात, बंद टॉर्च हातातून निसटली तर ती सापडत नाही. नारिंगी किंवा पिवळ्या रंगात मिळत असेल तर तीच घ्यावी. नसेल तर ट्रॉलीच्या मागे लावतात ती चमकणारी पट्टी चिकटवावी आणि मनगटात अडकवायची दोरी कधीही काढू नये.

वावरधनी :

एक शंका आणखी आहे. खिशात कळ दाबली जाऊन टॉर्च आपोआप पेटत नाही का? पाइप उचलताना खिशावर बराच दाब येतो.

सर्किटवाला :

पेटते, आणि मोठ्या उजेडावर पेटली तर कापड करपण्याइतकी तापू शकते. हा धोका १८६५०च्या टॉर्चमध्ये जास्त, कारण त्यांची कळ बहुधा बाजूला आणि हलकी असते. उपाय सोपा आहे : शेपटीकडचे झाकण पाव फेरा सैल करावे. आट्यांवर ॲनोडायझिंगचा थर असेल तर तो वीज वाहू देत नाही, त्यामुळे झाकण घट्ट बसलेले नसताना परिपथ तुटलेलाच राहतो. ज्या टॉर्चचे आटे उघड्या चकचकीत धातूचे आहेत त्यांत ही युक्ती चालत नाही. शेपटीला यांत्रिक कळ असलेल्या टॉर्चमध्ये बंद असताना सेल अजिबात उतरत नाही. बाजूच्या इलेक्ट्रॉनिक कळेच्या टॉर्चमध्ये थोडासा प्रवाह सतत जात असतो. महिनोन्महिने कपाटात पडून राहणाऱ्या टॉर्चसाठी हा फरक मोठा आहे, रोज वापरात असणाऱ्या टॉर्चसाठी नगण्य. ओल्या आणि चिखलाच्या हाताला मात्र शेपटीची रबरी कळ अंधारात पटकन सापडते, म्हणून आपल्यासाठी मी तीच सुचवेन.

वावरधनी :

तर मग एए सेलची, शेपटीला कळ असलेली, दुहेरी क्लिपची आणि आयपीएक्स७ किंवा त्यावरची टॉर्च घेतो. मास्तरांनी सांगितलेल्या रंगाच्या उजेडाची मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर आहे त्या रंगावर भागवतो. सोबत मेटल हायड्राइडचे चार सेल घेईन, म्हणजे दोन वापरात आणि दोन भरलेले राहतील. पुढेमागे सौर पंप बसला आणि ओलित दिवसाचे झाले तरी गोठ्यासाठी ती लागेलच. चार्जर कोणता घ्यावा एवढे सांगावे. घरी जुन्या खेळण्यासोबत आलेला एक चार्जर आहे, तो चालेल का?

सर्किटवाला :

तो वापरू नका. जुने साधे चार्जर दोन सेल जोडीनेच भरतात आणि सेल भरला की नाही हे पाहत नाहीत. काहींमध्ये फक्त घड्याळ असते आणि ठरावीक तासांनी ते बंद होतात. आपल्याकडे वीज मध्येच जाते, आणि ती परत आली की असे घड्याळ पुन्हा शून्यापासून मोजू लागते. म्हणजे सात तास भरलेला सेल आणखी पूर्ण पाळीभर भरला जातो, तापतो आणि लवकर मरतो. प्रत्येक सेलसाठी स्वतंत्र खाना, प्रत्येक खान्यासाठी स्वतंत्र दिवा आणि सेल भरताना दाबात होणारी बारीक घट ओळखून आपोआप थांबण्याची सोय, अशा चार्जरला स्मार्ट चार्जर म्हणतात. तो वीज गेल्या-आल्याने बिघडत नाही, कारण तो वेळेवर विसंबत नसून सेलची स्थिती तपासतो. यूएसबीवर चालणारा मिळाला तर तो मोबाइलच्या पॉवर बँकेवरही लावता येईल. चारही सेलवर कायमच्या शाईने क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे कोणता सेल लवकर उतरू लागला ते आपोआप लक्षात येईल.